दाव्याचे ऋण

उपासमारीने खंगलेल्या घोड्याला पुन्हा उभे करणे हे पुण्यकर्म मानावे की थकलेल्या देण्याची फेड, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी भूतदया या कल्पनेचा पायाच त्यात तपासला जातो. आयुष्यभर गाडी ओढून म्हाताऱ्या झालेल्या घोड्याविषयी निदान एवढे म्हणता येते की त्याने माणसाची चाकरी केली आणि म्हणून माणूस त्याचे देणे लागतो. परंतु ज्याच्या पाठीवर अजून खोगीर चढलेले नाही, ज्याने कोणाचे ओझे वाहिलेले नाही आणि जे दोन वर्षांचे होण्याआधीच हाडांचा सापळा झाले आहे, अशा शिंगराचे माणूस नेमके काय लागतो, याचे उत्तर तितके सरळ नाही. (शिंगरू म्हणजे घोड्याचे पिल्लू, पुढील विवेचनात हा शब्द अद्याप कामाला न लावलेल्या, वाढीच्या वयातील घोड्यासाठीही वापरला आहे.) त्याने सेवा केलेली नाही, ते कृतज्ञता व्यक्त करीलच असे नाही, आणि बरे झाल्यावर ते कोणाच्या उपयोगी पडेल याचीही शाश्वती नाही. दयेला जे जे आधार सहसा दिले जातात ते सगळे अशा प्राण्यापुढे गळून पडतात, आणि नेमके म्हणूनच त्याच्यापासून विचाराला आरंभ करणे सोयीचे आहे.

मुंबईत हा प्रश्न कधीच केवळ पोथीतला नव्हता. कुलाब्याहून घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली आणि प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी स्थापन झालेली मुंबईची संस्थाही त्याच वर्षाची. म्हणजे घोड्यावरचे ओझे आणि घोड्याविषयीची कणव ही दोन्ही या शहरात एकाच सुमारास संस्थारूप झाली. त्याआधी १८३४ मध्ये, भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून झालेल्या दंगलीनंतर, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला होता, तर परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८० च्या दशकातले. हिंदू, जैन आणि पारशी दातृत्वाने उभारलेल्या या संस्थांची छाया असूनही शहरातील घोड्यांचे हाल चालूच राहिले. अखेर ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ‘अॅनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्ट’च्या जनहित याचिकेवर निर्णय देताना मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली आणि गाडीवान कुटुंबांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगितले. या निर्णयामागे सर्वोच्च न्यायालयाचा ७ मे २०१४ चा, जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासंबंधीच्या नागराजा खटल्यातील निकाल उभा होता, ज्यात भूक-तहानेपासून, भीतीपासून, अस्वस्थतेपासून, वेदना व रोगापासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक या पाच गोष्टी प्राण्यांच्या कल्याणाची कसोटी म्हणून मान्य झाल्या. मौज ही गरज नव्हे, एवढा निर्णय न्यायालय देऊ शकते. गाडीतून सोडलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी, काय आणि किती खायला घालायचे, हे मात्र निकालपत्राने होत नाही.

वांद्र्यासारख्या उपनगरात घोडा आता मुख्यतः वरातीत दिसतो, आणि झूल, गोंडे व दिव्यांच्या झगमगाटाखाली त्याच्या बरगड्या दिसत नाहीत. त्या दिसल्या, तर पाहणाऱ्याचा पहिला हात पावाकडे, गुळाकडे किंवा मूठभर हरभऱ्याकडे जातो, आणि दयेचा सर्वांत मोठा धोका याच क्षणी असतो. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याचे शरीर आधी साठलेली चरबी आणि मग स्वतःचेच स्नायू जाळून तगून राहिलेले असते. फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम या क्षारांचे त्याचे साठे खालावलेले असतात. अशा शरीरात धान्याचा पिष्टमय आहार अचानक गेला की रक्तातील साखर वाढते, तिच्यामागोमाग इन्शुलिन हे संप्रेरक वाढते आणि ते साखरेबरोबर उरलेसुरले क्षारही रक्तातून पेशींत ओढून घेते; त्यामुळे हृदयाचे, श्वसनाचे आणि स्नायूंचे काम कोलमडते आणि पोटभर खाल्लेला प्राणी पहिल्या काही दिवसांतच, बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, मरू शकतो. उपासमारीनंतरच्या या विकाराला पशुवैद्यकात पुनराहार-विकार म्हणता येईल. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, म्हणून चुकीचे पोटात गेलेले त्याला स्वतः बाहेर टाकण्याची वाटही उरत नाही. जास्तीचे धान्य मोठ्या आतड्यात आंबले तर त्याचा परिणाम खुरांपर्यंत पोहोचतो. खुराच्या आतील पडदे सुजतात आणि वाचलेला घोडाही कायमचा लंगडा होऊ शकतो.

अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात उपाशी घोड्यांवर झालेल्या अभ्यासातून जो क्रम पुढे आला, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. धान्य नव्हे, तर लसूणघास द्यावा, कारण त्यात पिष्ट कमी आणि प्रथिने, फॉस्फरस व मॅग्नेशियम तुलनेने अधिक असते. तोही पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो एवढाच. त्यानंतर आठवडाभरात प्रमाण सावकाश वाढवावे आणि वेळा कमी कराव्यात. रात्री दोन वाजताचा घास यात चुकवता येत नाही आणि सकाळी सहाला दुप्पट देऊन त्याची भरपाईही करता येत नाही. जंताचे औषध, दातांची तपासणी, नालबंदाकडून खुरे साळणे ही कामेही शरीर जरा सावरल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्याने, एकेक करून करायची असतात. मणक्यावर आणि बरगड्यांवर मांस किती आहे हे हाताने चाचपून एक ते नऊ असे गुण देण्याची जी पद्धत डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडली, तिच्यातील अगदी खालच्या पायरीवरून मधल्या पायरीवर येण्यास अशा घोड्याला कित्येक महिने लागतात. खूर महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढते, म्हणजे उपासमारीच्या काळात उमटलेली खुरावरची वळी झिजून निघून जायला वर्षाच्या आसपास अवधी जातो. शिंगराच्या बाबतीत याहून नाजूक प्रश्न असतो, कारण त्याचे शरीर एकाच वेळी झीज भरून काढत असते आणि वाढतही असते. पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पुरी होत असली, तरी मणक्यांतील वाढीचे पट्टे पाचव्या वर्षापर्यंत आणि त्यापुढेही मिटत नाहीत. त्यामुळे अंग भरलेले दिसते म्हणून त्यावर स्वार होण्याची घाई ही उपासमारीनंतरची दुसरी इजा ठरू शकते.

हे सारे वैद्यकीय तपशील धर्मप्रश्नाच्या बाहेरचे नाहीत. दानाच्या रूढ कल्पनेत केंद्रस्थानी दाता असतो: त्याची श्रद्धा, त्याचे सामर्थ्य, त्याचा त्याग. घेणारा सत्पात्र असावा अशी अपेक्षा असते खरी, पण दिलेली वस्तू त्याच्या पोटात गेल्यावर तिचे काय होते हा विचार दानाच्या हिशेबात क्वचितच येतो. उपाशी शिंगरापुढे हा हिशेब सरळ उलटतो. दात्याचे मन जितके अधिक द्रवले, तितकी घमेल्यात दाण्याची भर अधिक पडण्याची शक्यता, आणि तितकेच मरण जवळ. येथे करुणेला आपला हात आखडता घ्यावा लागतो, आणि तो आखडता घेणे हीच तिची कृती असते. ज्या करुणेला हे जमत नाही, ती प्राण्याची नसून स्वतःच्या कळवळ्याची सेवा करीत असते, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

मीमांसाशास्त्राने कर्मांचे जे वर्गीकरण केले आहे ते या ठिकाणी उपयोगी पडते. एखाद्या फळाच्या इच्छेने केले जाते ते काम्य कर्म. पुत्र, पाऊस, स्वर्ग यांसाठीचे यज्ञ या वर्गातले. याउलट जे रोज करायचेच असते, ज्याने काही वेगळे फळ पदरात पडत नाही, पण जे न केल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, ते नित्य कर्म. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांमध्ये देव, पितर, ऋषी आणि मनुष्य यांच्याबरोबर भूतयज्ञ आहे, म्हणजे इतर प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग रोज काढून ठेवणे. शास्त्रकारांनी तो सणावाराला करायच्या दानात न घालता रोजच्या कर्मात घातला, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली दिसत नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबर महिन्यात सर्व धर्मांचे लोक मेणाचे हात, पाय, घरे वाहतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे असते त्याचा तो आकार असतो. नवसाच्या या व्यवहारात कमीपणाचे काही नाही, परंतु त्याची घडण काम्य कर्माची आहे: इच्छा, अर्पण, फळ. भूतदयेचा पुष्कळसा व्यवहारही नकळत याच घडणीत बसवला गेला आहे; ग्रहशांतीसाठी गाईला चारा, अमुक वारी कुत्र्याला पोळी. दर चार तासांनी अर्धा किलो घास, हा मात्र नवसाचा व्यवहार होऊ शकत नाही. त्यात उत्कटतेला जागा नाही आणि एका दिवसाचे राहिले की दोष लागतो, तोही परलोकात नव्हे तर समोरच्या देहात.

संतपरंपरेत याची जाण होती याविषयी शंका नाही. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा मराठी घरांत लहानपणापासून ऐकली जाते, आणि तिचे मर्म हेच की काम्य विधीपुढे समोरच्या जिवाची निकड मोठी ठरली. बायबलच्या निर्गम ग्रंथातही शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्याला मदत करावी अशी आज्ञा आहे. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र बाहेर राहते: गाढव पाणी प्यायले, उठून उभे राहिले, आणि कथा संपली. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी चारले, मालक सापडला का, त्याच्या पाठीच्या जखमेवर कोणी औषध लावले, हे कथेला सांगायचे नसते. कथांचा तो दोष नव्हे, कारण त्यांचे काम दृष्टी देणे हे आहे. परंतु दयेचे चित्र मनात सतत त्या एका क्षणाचेच उभे राहत असेल, तर पुढचे वर्ष अदृश्य राहते.

हेळसांड या प्रकाराकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक अडचण समोर येते. शिंगराला कोणी मारलेले नसते. त्याला फक्त खायला घातलेले नसते. न करणे हे पाप कसे होऊ शकते? शंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात हाच आक्षेप मीमांसकांपुढे ठेवला आहे: नित्य कर्म न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून भाव म्हणजे प्रत्यवायरूपी अनिष्ट उत्पन्न होऊ शकत नाही, फार तर ते न करणे हे पूर्वीच्या दोषाचे लक्षण मानता येईल. हा युक्तिवाद कर्मकांडाच्या संदर्भात केलेला आहे आणि तेथे तो भक्कम आहे. परंतु उपाशी बांधलेल्या घोड्याला तो लागू करून पाहिला की त्यातून भलतेच काही हाती लागते. मोकळ्या माळावरचा घोडा दिवसाचे सोळा तास चरत असतो. त्याला कोणी खायला घातले नाही तर खरोखरच काही घडत नाही, कारण तो अभाव शुद्ध अभाव असतो. दावे आले की चित्र बदलते. आगाडी-पिछाडीने जखडलेल्या, म्हणजे पुढचे आणि मागचे पाय दोरांनी खुंट्यांना बांधलेल्या घोड्याची स्वतः अन्न शोधण्याची शक्ती माणसाने आधीच काढून घेतलेली असते, आणि ती काढून घेणे ही पूर्णपणे भावरूप कृती आहे. न घातलेला चारा हे त्या कृतीचेच पुढे चाललेले रूप होय. इस्लामी परंपरेतील एका प्रसिद्ध हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या परंपरेने जपलेल्या वचनात, मांजर कोंडून ठेवणाऱ्या एका स्त्रीला शिक्षा झाल्याचे सांगितले आहे, आणि तिचा दोष तेथे अत्यंत काटेकोरपणे नोंदला आहे: तिने मांजराला खायलाही घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य स्वतः शोधायला सोडलेही नाही. यांतील एक गोष्ट जरी तिने केली असती तरी दोष लागला नसता. पापाचे मूळ कोंडण्यात आणि न चारण्यात वेगवेगळे नसून त्या दोहोंच्या जोडात आहे, हे इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल.

यातून शिंगराच्या ऋणाचा आधार सापडतो. ते ऋण सेवेतून उत्पन्न झालेले नाही, म्हणून त्याने सेवा केली नाही ही सबब चालत नाही. ते दाव्यातून उत्पन्न झाले आहे. मुंबईत घोडा आपोआप जन्मत नाही. त्याच्या आईबापांची निवड, त्याची खरेदी, त्याला बांधण्याची चार हात जागा, यांतले प्रत्येक माणसाने ठरवलेले असते, आणि शहराच्या ज्या मौजेसाठी हे ठरवले जाते ती मौज घेणाऱ्यांकडे त्या ऋणाचा काही वाटा जातो. या भूमिकेवर एक आक्षेप रास्तपणे घेता येतो: ऋण दाव्याचे असेल तर ते दावे बांधणाऱ्याचे, वाटेने जाणाऱ्या परक्याचे नव्हे. हा आक्षेप सहज मोडून काढता येत नाही. मात्र ज्या शहराने आपल्या रस्त्यांलगत चरायला माळ ठेवला नाही, वरातीला घोडी लागतेच असा प्रघात ठेवला आणि घोडेवाल्याला त्याच्या श्रमाचे हातातोंडाशी गाठ पडेल एवढेच दिले, त्या शहरात पूर्णपणे परका कोण, हे ठरवणेही तितकेच कठीण आहे.

घोड्याला ओझ्यावेगळे पाहण्याची क्षमता या भूमीच्या धर्मजीवनात नाही असे मात्र नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात, आणि त्यांतील माउलींच्या अश्वावर कोणी स्वार नसतो. त्यावर स्वतः माउली आहेत या भावनेने रिंगणात त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. मोहरमच्या मिरवणुकीत इमाम हुसेन यांच्या झुलजनाह या घोड्याचे प्रतीक म्हणून चालवला जाणारा घोडाही असाच बिनस्वाराचा असतो. रिकामे खोगीर दोन वेगळ्या धर्मांत इतके पवित्र ठरावे, ही योगायोगापलीकडची गोष्ट आहे. त्यात शोक आहे, सान्निध्य आहे, आणि ज्याचा उपयोग करायचा नाही अशा घोड्याकडे पाहण्याची एक जुनी सवय आहे. अडचण एवढीच की पूजेला सुदृढ, उमदा घोडा लागतो, आणि दसऱ्याला झेंडूच्या माळा घालायलाही.

व्यवहाराच्या ग्रंथांनी याबाबत अधिक स्पष्ट उत्तर दिले. घोड्यांचे वैद्यक शालिहोत्र या प्राचीन आचार्याच्या नावाने ओळखले जाते. परंतु राज्याने काय करावे हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात आहे. तेथे शिंगराला आधी तूप आणि सातू, सहा महिन्यांपर्यंत दूध, त्यानंतर महिन्यामहिन्याने वाढत जाणारे जव असा क्रम सांगून चार किंवा पाच वर्षांचा घोडा पूर्ण वाढलेला व कामास योग्य मानला आहे. युद्धाने, रोगाने किंवा वार्धक्याने कामाला निकामी झालेल्या घोड्यांनाही पोटापुरता आहार चालू ठेवावा असे त्यात आहे, आणि औषधोपचारात हयगय करणाऱ्यांना दंडही. कौटिल्याला कोणी हळवा म्हणणार नाही. त्याच्या हिशेबात घोडा हे राज्याचे बळ होते, तरीही काम संपलेल्या घोड्याचा चारा त्याने खर्चाच्या बाजूला कायम ठेवला.

त्या मानाने १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा एका जागी मागे रेंगाळलेला दिसतो. कलम ३ प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, आणि पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. कलम ३५ प्रमाणे दंडाधिकारी अशा प्राण्याला उपचारगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो, आणि तेथे किती काळ ठेवायचे याचे मोजमाप असे की तो आपले नेहमीचे काम करण्यास योग्य होईपर्यंत किंवा अन्य प्रकारे सोडण्यायोग्य होईपर्यंत. आरोग्याची पहिली व्याख्या येथे कामावरून केली आहे. ज्या शिंगराला नेहमीचे असे काम अजून लागलेलेच नाही, त्याच्या बाबतीत ही व्याख्या पोकळ ठरते आणि ‘अन्य प्रकारे’ या दोन शब्दांवर सगळा भार येतो. त्या शब्दांत काय भरायचे हे कायद्याने सांगितलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींसंबंधी राज्यांनी या कायद्यात केलेले बदल वैध ठरवताना प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याची घटनेत नोंद नाही असे म्हटले, त्यामुळे हक्कांच्या भाषेचा आधार तूर्त तोकडा आहे. कर्तव्याची भाषा मात्र शाबूत आहे, आणि नित्य कर्माला नेहमी तीच पुरेशी झालेली आहे. भूतयज्ञात काढून ठेवलेल्या घासावर कावळ्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्याच कलम ३५ मध्ये एक तरतूद आहे, जिच्याकडे धर्मविचाराच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते. उपचाराचा आणि पोषणाचा खर्च मालकाने द्यायचा असतो, परंतु मालकाचे दारिद्र्य लक्षात घेऊन दंडाधिकाऱ्याने तसा आदेश दिल्यास उपचारांचा आकार घेतला जात नाही. उपाशी घोड्याचा मालक पुष्कळदा स्वतःच ओढग्रस्त असतो, हे वास्तव कायदा येथे ओळखतो, आणि तसे करताना ऋण नाहीसे करीत नाही. ते मालकाकडून काढून समाजाच्या खात्यावर टाकतो. मघाचा आक्षेप, की दाव्याचे देणे परक्याचे नव्हे, त्याला येथे व्यवहारातले उत्तर मिळते. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था आणि तिच्याबरोबर उपचारगृह व निवारा असावा असे ठरवून त्या खात्याला ठावठिकाणाही दिला आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्रे पूर्वेला आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. दोन वर्षांच्या शिंगराला हाती घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ते पुरे आयुष्य सांभाळता येईल याची खात्री देता येत नाही, आणि नित्य कर्म तर कर्त्याच्या मरणानेही थांबता कामा नये. म्हणून लसूणघासाच्या पेंढीची मागणी कोणाच्या नावावर नोंदवायची, हा प्रश्न शेवटी पुण्याच्या वहीतून उचलून जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात न्यावा लागतो.